बातम्या संपल्यावर पाणी

१५ ऑक्टोबर १९८९, रविवार

पंचायतराज्याचं बिल राज्यसभेत पडलं. अगदी थोडक्यात पडलं म्हणतात. त्यात बायकांसाठी तीस टक्के जागा होत्या. निवडणुकीच्या तोंडावर दाखवलेलं गाजर असेलही, पण मला वाईट वाटलं. बाईमाणसाच्या हाती कारभार यावा, हे मी आज म्हणत नाही. दिंडोशीच्या या माळावर आमची ‘अरुणोदय’ सोसायटी उभी राहिली तेव्हा गिरणीतल्या भावांच्या गळी मीच उतरवलं होतं, की खोली बायकोच्या नावावर करा. पुरुषाचं डोकं फिरलं की तो घर विकून मोकळा होतो, बाई घर धरून बसते. निम्म्याहून जास्त जणांनी ऐकलं. आमचीही खोली मालनच्याच नावावर आहे. गिरणीच्या साचेखात्यात मागांवर देखरेख करणाऱ्या, चौथीपर्यंत शिकलेल्या जॉबराला हे सुचलं, ते कामगार वाचनालयातल्या पुस्तकांची कृपा.

मालनला म्हटलं, तुम्हा बायकांचं मोठं नुकसान झालं बघ. ती परात पुढ्यात घेऊन बसली होती.

“पंप लावा आधी,” म्हणाली. “पीठ कोरडंच आहे.”

तिला राजकारणात गोडी नाही. त्याला इलाज नाही.

आज दिल्लीच्या बातम्या लांबल्या, म्हणून पंपही लांबला. पंपाची खोली आमच्या खिडकीखालीच आहे. पंप सुरू झाला की साचेखात्यात उभं राहिल्यासारखं होतं, रेडिओतला माणूस नुसता तोंड हलवत असावा असं वाटतं. तेव्हा आमच्याकडे शिस्त अशी, की आधी मुंबईच्या बातम्या, मग दिल्लीच्या, मग हिंदी, आणि त्या संपल्या की पाणी. देशात काय चाललंय हे कळल्याशिवाय माणसाने तोंडात घास घालू नये, असं माझं मत आहे. वरच्या मजल्यांवर बादल्या वाजत असतात. वाजोत. लोक जागे आहेत हे तरी कळतं.


२१ ऑक्टोबर, शनिवार

निवडणूक जाहीर झाली. गेटाजवळच्या कट्ट्यावर दुसरा विषय नाही. मी स्पष्टच बोललो, की जनतेने आता ही घराणेशाही मोडली पाहिजे. आजोबा झाले, आई झाली, आता नातू. देश म्हणजे काय रेशनकार्ड आहे, बापाच्या नावाखाली पोराचं नाव चढवायला? म्हणे दुसरं कोणी लायक नाही. दुसऱ्याला खुर्चीजवळ फिरकूच दिलं नाही तर त्याची लायकी दिसणार कुठून?

लवू तंबाखू मळत ऐकत होता. लवू माझा गिरणीतला जोडीदार. संप फसल्यापासून आम्ही दोघेही घरीच, पण रिकामपणाने त्याची जीभ तिखट झाली आहे. म्हणाला, “काशीराम, तू पंपाच्या किल्लीबद्दल बोलतंस मा रे?”

सगळे हसले. मीही हसलो. थट्टा सहन करता आली पाहिजे.

किल्लीची गोष्ट त्याला चांगली माहीत आहे. पंचाहत्तर साली आणीबाणी लागली, त्याच सुमाराला आमचे पहिले सेक्रेटरी गावी निघून गेले आणि किल्ली तात्पुरती माझ्याकडे आली. पेपरांत रकाने कोरे यायचे ते दिवस. खरं काय ते कळावं म्हणून मी ट्रान्झिस्टर कानाशी धरून परदेशी स्टेशनं लावायचो, तिथून बातम्यांची सवय जडली. पुढे आणीबाणी उठली. किल्ली आणि सवय राहिली. दर वर्षी सभेत मी उभा राहून विचारतो, कोणाला सेक्रेटरी व्हायचं आहे का? कोणी बोलत नाही. बिनविरोध. एवढा विश्वास दिल्लीत कोणाला मिळाला असेल?

पण आता पासष्टी उलटली. माणसाने वेळेवर बाजूला व्हावं. किल्ली विद्याधरकडे द्यायचं मनात आहे. माझा मुलगा म्हणून नव्हे. तो लायक आहे, आणि पंपाचा आवाज त्याच्या लहानपणापासून कानात आहे. संध्याकाळी तो अंधेरीहून, त्याच्या विम्याच्या ऑफिसातून आला तेव्हा विषय काढला. म्हणाला, “अण्णा, मला नको ते झंझट.”

गादीवर बसणाऱ्याने आधी नकोच म्हणावं. चांगलं लक्षण आहे.


३० ऑक्टोबर, सोमवार

नरकचतुर्दशीला पंप पहाटेच लावावा लागतो. अंगाला उटणं चोपडून माणसं ताटकळत ठेवता येत नाहीत. त्यामुळे वर्षातून एक दिवस माझ्या बातम्या हुकतात आणि दिवसभर कुठेतरी काहीतरी विसरून आल्यासारखं वाटतं. बायका मात्र खुशीत होत्या. लवूची बायको प्रेमा जिन्यात भेटली, न्हालेली, केस मोकळे. म्हणाली, भाऊजी, असं रोज झालं तर रोजच दिवाळी. मी म्हटलं, रोज दिवाळी आली तर दिवाळीला कोण विचारील?

आज तीच प्रेमा फराळाचं ताट घेऊन आली. बसली, उठली, परत बसली. शेवटी बोलली. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत ती पहिल्या पाळीला जाते, लवू बसल्यापासून घर तिच्यावरच चालतं. पाणी येईपर्यंत थांबली की उशीर होतो, न थांबता गेली की मागे लवू आणि म्हातारी सासू कोरडी, लवू बादलीला हात लावत नाही. आता सुपरवायझरने निर्वाणीचं सांगितलं आहे. यापुढे उशीर झाला की नाव कमी.

“भाऊजी, पंप बातम्यांच्या आधी नाही का लागायचा?”

मला भरून आलं. मी तिला समजावून सांगितलं, की आधी लावला तर टाकी भरल्यावर बंद करायला नेमकं बातम्यांच्या मध्ये उठावं लागतं. आणि देश कुठल्या वळणावर उभा आहे बघ. तोफांच्या दलालीचं एवढं मोठं प्रकरण, रोज नवं काही बाहेर येतंय. महिनाभराचा तर प्रश्न आहे, निवडणूक होऊ दे. तोवर माझ्या पिंपातून रोज एक बादली घेऊन जात जा. तू मला सख्ख्या बहिणीसारखी.

प्रेमाने मालनकडे पाहिलं. मालनने ताटातल्या चकलीकडे पाहिलं. मन भरून आलं की बाईमाणूस गप्प होतं.

माझ्या दारातून कोणी रिकाम्या हाती जात नाही, एवढं तरी समाधान आहे.


१२ नोव्हेंबर, रविवार

बर्लिनची भिंत पडली! लोकांनी हातोड्या घेऊन पाडली. रेडिओवर ऐकताना अंगावर काटा आला. संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी फ्लोरा फाउंटनला मी लाठी खाल्ली आहे, अजून थंडीत पाठ बोलते. तेव्हा असंच वाटायचं, की लोक उठले की कोणाचं काही चालत नाही. राज्यकर्त्यांना मात्र ते सगळ्यात शेवटी कळतं. इतिहासात हे पानोपानी दिसतं.

घरात तुळशीच्या लग्नाची गडबड. यंदा हे लग्न संपतच नाही. सोसायटीतल्या बायका आज पण जमल्या होत्या, उसाच्या कांड्या कधीच्या सुकल्या तरी. मी आत गेलो की त्या गप्प होतात आणि कोणीतरी घाईघाईने मंगलाष्टक सुरू करतं. माझा मान ठेवतात.

एक आनंदाची गोष्ट लिहायची राहिली. मालनला सार्वजनिक कामाची गोडी लागली आहे. चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच. तिने आपणहून विचारलं, सूचक म्हणजे कोण, अनुमोदक म्हणजे कोण, भरलेला अर्ज मागे कसा घेतात, आणि एकच उमेदवार उरला तर मतं मोजतात का? मी जेवण बाजूला ठेवून सगळं समजावलं. ती मन लावून ऐकत होती. मध्येच म्हणाली, “आणि जुन्याने किल्ली दिली नाही तर?” मी म्हटलं, अगं, लोकशाहीत तसं होत नाही. हरलेला माणूस हसतमुखाने उठतो, तीच तर गंमत आहे.

पिंपातलं पाणी हल्ली मी रेडिओपाशी असेन तेवढ्यातच संपतं. प्रेमा नेते ती एकच बादली. तळाला चीर गेली असावी म्हणून आज पिंप उपडं करून पाहिलं. सापडली नाही.


१९ नोव्हेंबर, रविवार

आजचा दिवस लिहायला हात होत नाही. तरी लिहितो.

विद्याधरवर घराणेशाहीचा ठपका येऊ नये म्हणून मीच निबंधक कचेरीत जाऊन रीतसर निवडणूक मागून घेतली होती. आमच्या सोसायटीची पहिलीच. पेटी, शिक्के, गुप्त मतदान, सगळं. दिल्लीत जे व्हायला हवं ते आधी आपल्या दारात करून दाखवावं म्हटलं. त्यासाठी आज साहेब आले. कोवळा मुलगा, पण कामात पक्का. मालनने चहा दिला. त्याने सभासदांची नावं वाचली आणि विचारलं, अर्जावर सही करणारे काशीराम कोण? मी छाती पुढे काढून म्हटलं, मीच.

“तुमचं नाव नाही यात.”

म्हटलं, खोली पत्नीच्या नावावर आहे, मी सेक्रेटरी.

“ज्यांच्या नावावर घर, तेच सभासद. तेच उभे राहणार, तेच मत देणार. तुम्ही सेक्रेटरी कसे काय?”

मी म्हटलं, “तात्पुरता.”

“कधीपासून?”

“आणीबाणीपासून.”

लवूला एवढं हसू फुटलं की तोंडातली तंबाखू शर्टावर सांडली. पण त्याचंही हसू टिकलं नाही, कारण त्याची खोली प्रेमाच्या नावावर. निम्म्याहून जास्त पुरुष निवडणुकीतून उठले आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले, जणू त्यांची मतं मीच खिशात घालून नेली. मागे उभ्या असलेल्या बायकांपैकी एकीलाही आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. बिचाऱ्यांना मुद्दा समजला नसावा.

म्हणजे विद्याधर उभा राहू शकत नाही. मीही नाही. आणि प्रेमाचा अर्ज आलेला. कोणी भरायला लावला असेल? लवूला एवढी अक्कल नाही. यामागे बाहेरचा हात आहे, हे मी लिहून ठेवतो.

पण मीही गिरणीच्या युनियनमध्ये दिवस काढले आहेत. दुपारपर्यंत वाट काढली. मालन उभी राहील. नाव तिचं, कारभार मी आणि विद्याधर बघू. तिला सांगितलं. ती नाही म्हणाली नाही. साहेबांसमोर बसून सही केली, चांगली वळणदार. ती इतकी सफाईने सही करते हे मला ठाऊक नव्हतं.


२८ नोव्हेंबर, मंगळवार

सरकार गेलं. टीव्हीवर निकाल आणि मधेमधे सिनेमे, शेजारची चार घरं आमच्याकडेच बसली होती. मागच्या खेपेला केवढं बहुमत होतं! पाच वर्षांत पाण्यासारखं वाहून गेलं.

मतदानाला निघताना नेहमीसारखं मी घरातल्या सगळ्यांच्या चिठ्ठ्यांमागे चिन्ह काढून दिलं, घोटाळा नको म्हणून. मालनने चिठ्ठी उलटी करून पाहिली. म्हणाली, हे गुप्त असतं ना हो? मी म्हटलं, गुप्त बाहेरच्यांपासून, घरातल्यांपासून कसलं गुप्त? ती हसली. सत्तावन्न सालापासून ती माझ्याच चिन्हावर शिक्का मारते आहे. निदान तसं समजायला हरकत नाही.

आज जेवताना मी म्हटलं, एवढा शिकलेला तरुण माणूस, गोड स्वभावाचा. लोकांच्या मनात काय आहे हे त्याला कळलं कसं नाही? भोवतीची माणसं त्याला खरं सांगत नसावीत.

“सांगत असतील हो,” मालन म्हणाली. “त्यांच्या घरी रेडिओ लावलेला असेल.”

कधीकधी ती काहीतरी भलतंच बोलते.


२ डिसेंबर, शनिवार

काल दिल्लीत जे झालं त्याला तोड नाही. नवा नेता निवडायला सगळे खासदार जमले. नाव पुकारलं हरियाणाच्या म्हाताऱ्या चौधरींचं. टाळ्या पडल्या. आणि चौधरी उठून म्हणाले, मला नको, मी आपला घरातला वडीलधारा, हा मान याला द्या. असं म्हणून भलत्याचंच नाव घेतलं! म्हणजे ज्याचं व्हायचं त्याचंच झालं. सगळं आधी ठरलेलं. फक्त एका जुन्या पुढाऱ्याला कोणी सांगितलं नव्हतं. तो संतापून उठून गेला.

मी मांडीवर थाप मारली. उद्या आमची सभा. इकडे प्रेमाने अर्ज मागे घेऊन मालनला पाठिंबा दिला आहे, माझ्या नावाचं वजन अजून आहे म्हणायचं. म्हणजे मालन बिनविरोध. तिने उठायचं आणि चौधरींसारखं म्हणायचं, की मी घरातली बाई, हा मान मी माझ्या मुलाला देते. सभेने टाळ्या वाजवल्या की साहेब काय करणार? कागदावर छान भाषण लिहून दिलं. सुरुवातीला लोकमान्य घातले, शेवटाला जिजाऊ. तिला वाचूनही दाखवलं.

तिने कागदाची घडी केली आणि कमरेला खोचली. मग विचारलं, “ते उठून गेले, त्यांना कोणीच सांगितलं नव्हतं का आधी?”

म्हटलं, राजकारणात सगळ्यांना सगळं सांगत नाहीत.

“वाईट वाटलं असेल त्यांना,” ती म्हणाली. आज तिने मला आवडतं म्हणून काळ्या वाटाण्याची उसळ केली होती. वाढताना दोनदा विचारलं, आणखी घालू का.


३ डिसेंबर, रविवार

सभा पटांगणात. साहेबांनी मालनचं नाव बिनविरोध म्हणून जाहीर केलं. मी टोपी सारखी केली. विद्याधर शेवटच्या रांगेत आपल्या चपलांकडे बघत बसला होता. मी त्याला खूण केली, पुढे ये. तो आला नाही.

मालन उठली. कमरेचा कागद काढला. माझे ओठ आधीच हलायला लागले होते. सोसायटीचं टेबल एका पायाने डुगडुगतं, माझ्याकडूनच दुरुस्त करायचं राहिलं होतं. तिने कागदाची आणखी एक घडी घातली, वाकली, आणि ती त्या पायाखाली सरकवली. टेबल स्थिर झालं.

“उद्यापासून पंप पहाटे लागेल,” ती म्हणाली. “पहिल्या पाळीची माणसं निघायच्या आधी. आम्ही पाळीपाळीने लावू. मार्गशीर्ष-पौषाच्या थंडीत उठायला जड जाईल, पण उठू.”

झालं भाषण. टाळ्या वाजल्या. मागच्या बायका वाजवत होत्या, मग काही पुरुषांनीही वाजवल्या. मी वाट बघत होतो की आता विद्याधरचं नाव येईल.

ती माझ्यासमोर आली आणि हात पुढे केला. “अहो, किल्ली.”

मला पुष्कळ बोलायचं होतं. घटना, परंपरा, अनुभव. चौदा वर्षांचा विश्वास. पण सगळ्या सोसायटीसमोर तोंडातून एकच शब्द आला. “बातम्या?”

“संध्याकाळच्या पण असतात हो,” ती म्हणाली. हळू आवाजात, माझ्यापुरतं.

किल्ली करगोट्याला बांधलेली होती, मी गाठ सोडली. इतक्या वर्षांत ती सोडली नव्हती, कुलूपही लांब दोऱ्यानेच उघडायचो, वेळ लागला. कोणी हसलं नाही, त्यात लवूही नाही. नंतर कट्ट्यावर तो माझ्या शेजारी येऊन बसला आणि तंबाखू पुढे करत म्हणाला, “सरकार पडलां रे तुझां.”

हरलेल्या माणसाने हसतमुखाने उठावं, असं मीच सांगितलं होतं. हसलो. लवू म्हणाला, तोंड वाकडं करू नको.


५ डिसेंबर, मंगळवार

भल्या पहाटे पंप. तरी मी रेडिओ लावला. नव्या मंत्र्यांबद्दल सांगत होते. कोणाला कुठलं खातं, हे सगळं घरघरीत गेलं. एक नाव आलं, मग पंप, मग “शपथ”, मग पंप. ट्रान्झिस्टर कानाला लावून पाहिला, पूर्वीसारखा. परदेशातलं ऐकू यायचं तेव्हा, आता आपली दिल्ली ऐकू येईना.

मालन खाली पंपापाशी होती, म्हणून पिंप मलाच भरावं लागलं. काठोकाठ भरलं. स्वयंपाक होईपर्यंत तसंच्या तसं राहिलं, प्रेमाही बादली न्यायला आली नाही. चीर आपोआप बुजली म्हणायची.

कमरेला हलकं हलकं वाटतं. सारखा हात जातो तिथे. मालनने तिच्या पदराला किल्ली बांधली आहे, चालताना वाजते. ती कुठल्या खोलीत आहे हे आता मला कळतं, पूर्वी कळायचं नाही. खाली जाऊन तिला मी एवढंच सांगितलं, की बंद करताना आधी व्हॉल्व्ह फिरव, मग बटण. ती म्हणाली, माहीत आहे, खिडकीतून रोज बघते.

नंतर खिडकीशी उभा राहिलो. अजून पुरतं उजाडलं नव्हतं. प्रेमा पाळीला निघाली होती, अंबाडा ओला, हातात डबा. मला बघून थांबली.

“काय म्हणतेय दिल्ली, भाऊजी?”

म्हटलं, ऐकू आलं नाही गं.

“संध्याकाळी सांगा मग,” म्हणाली आणि गेटाकडे गेली. तिच्याकडे बघताना काहीतरी वेगळं वाटत होतं, पण काय ते उमगेना. साडी जुनीच, डबा जुनाच. ती वळून दिसेनाशी झाली तेव्हा लक्षात आलं. ती चालत गेली. एवढी वर्षं या खिडकीवरून ती पळतच जायची.